उजव्या सीटवरची पोती

आसानकुल उस्तांच्या, म्हणजे वस्तादांच्या, गॅरेजात एक गोष्ट सगळ्यांना दिसायची आणि कुणीही पाहायचं नाही. उजव्या स्टिअरिंगची जपानी गाडी चालवून बघायची वेळ आली की उस्ता न चुकता डावीकडून जायचे. डावं दार उघडायचे. समोर स्टिअरिंग नाही हे ध्यानात आलं की पुढचा कप्पा उघडून त्यात काहीतरी शोधल्यासारखं करायचे, आणि मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी जायचे. माणसाने उभी हयात डाव्या स्टिअरिंगच्या रशियन झिगुली आणि मॉस्कविच खोलण्यात घालवलेली. बिश्केकच्या रस्त्यांवर आता जिकडे बघावं तिकडे जपानहून उतरलेल्या गाड्या, पण उस्तांचे पाय जुन्या वाटेनेच जायचे.

हसायचं नाही. वडीलधारा चुकला की नजर दुसरीकडे न्यायची, आणि चूक अगदीच उघडी पडली तर जवळच्या धाकट्याने ती स्वतःच्या अंगावर घ्यायची. ही आमच्याकडची रीत. रीत चांगली असेलही. पण बघा कधी, ती दरवेळी त्याच-त्याच माणसांच्या मानेवर बसते.

त्या गॅरेजात ती मान बुरुलची होती. वय एकतीस, सात वर्षं उस्तांच्या हाताखाली. मिर्लान तिच्या बरोबरीचा, पण तो पुरुष, त्यामुळे त्याच्या हातून गिअरबॉक्स फुटला तरी नशीब फुटकं, आणि बुरुलच्या हातून वॉशर पडला तरी बाईचा हात.

गुरुवारी सकाळी एल्दियारची पांढरी गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर आली. एल्दियार पंचविशीतला, एकशे दहा किलोचा, चेहऱ्याने लहान मूल. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर दर वसंतात पोरं गाड्या आडव्या घालून वळणं घेतात, चाकांचा धूर काढतात, त्यात त्याचं नाव होतं. पुढचे शॉकअप त्याने हिवाळ्यातच बदलून घेतले होते. मागचे आता आले होते. ज्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळीवर असतात आणि नळीला आटे पाडलेले असतात, ती जोडी. आटे फिरवले की गाडीचा तो कोपरा वर किंवा खाली. कॉइलओव्हर म्हणतात.

"एजे, मला मागून जमिनीला टेकलेली पाहिजे," एल्दियार म्हणाला. वयाने लहान म्हणून तो तिला एजे म्हणायचा, ताई. "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, गाडी बसलीये."

"बघणाऱ्याला काय वाटायचं ते वाटू दे. पहिल्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटला की तुझ्या मणक्याला काय वाटतं ते सांग मला."

"दोन बोटं तरी खाली?"

"एक. आणि त्यावर वाद घालायचा असेल तर मिर्लानकडे जा. तो तुला स्प्रिंग दाबून देईल."

"का नाही देणार?" खड्ड्याच्या काठावरून मिर्लान म्हणाला. "स्प्रिंग दाबली की गाडी खाली येते. साधी गोष्ट."

"स्प्रिंग दाबली की गाडी वर जाते, मिर्लान. स्प्रिंग आवळायची ती खडखडू नये एवढीच. उंची खालच्या ब्रॅकेटवरून करायची. पाच वर्षं सांगतेय."

"पाच वर्षं ऐकतोय म्हणूनच टिकलोय इथे," मिर्लान म्हणाला, आणि समोसा म्हणावा तशा पण तंदूरमधून काढलेल्या साम्साचा तुकडा तोंडात टाकून निघून गेला.

बुरुलने मागची सीट काढली, डिकीतला गालिचा गुंडाळला. शॉकअपचं डोकं तिथे पत्र्याखाली तीन नटांवर टांगलेलं असतं. आधी ते फक्त ढिले केले, काढले नाहीत. मग खाली उतरून चाकाकडचा मोठा बोल्ट. तो गंजून असा बसला होता की दोन वेळा तेल सोडून, लांब नळी पान्यात घालून, सगळं अंग त्यावर टाकल्यावर त्याने कुठे तोंड उघडलं. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात पहारीने खाली दाबला, जुना शॉकअप खाली ओढून काढला. जुनी वस्तू बिचारी रडत होती, सगळं तेल बाहेर. नवा वर घातला, नट हाताने लावले, खालचा बोल्ट घातला पण आवळला नाही. तो आवळायचा चाकावर गाडीचं वजन आल्यावरच. चाक लटकत असताना आवळलं तर आतला रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही अंग चोरून चालते. बऱ्याच गॅरेजांत लटकतानाच आवळतात. लवकर उरकतं.

बुरुल काही उरकत नव्हती. दोन्ही बाजू झाल्यावर तिने गाडी चाकांवर उतरवली, सगळे नट-बोल्ट आवळले, मग खिशातून नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली काढली, आणि प्रत्येक बोल्टवर एक बारीक रेघ मारली. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर. नट हलला की रेघ तुटणार.

"नखं रंगवून झाली का नवरीची?" वरून मिर्लान.

"झाली. आता तुझी जीभ राहिलीये. काढ बाहेर."

मग शेवटचं काम, जे गॅरेजात तिच्याखेरीज कुणी करायचं नाही. उजव्या सीटवर, म्हणजे चालवणाऱ्याच्या जागी, पिठाची पन्नास किलोची दोन पोती बसवली, वर पान्यांची पेटी. झाला एल्दियार. मागच्या दोन्ही टायरांखाली एकेक कागद सरकवला. जॅक मागे बरोबर मध्यावर लावला आणि हळूहळू उचलत गेली. ज्या चाकावर वजन कमी ते आधी सुटतं, त्याखालचा कागद आधी निघतो. उजवा आधी निघाला; नवं ब्रॅकेट त्या बाजूला खाली होतं. त्याचं लॉकनट टोकाला आकडा असलेल्या पान्याने सोडून तिने ते दोन आटे वर घेतलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. सातव्या खेपेला दोन्ही कागद एकदम सुटले. लॉकनट आवळले, त्यांच्यावरही लाल रेघ.

पोती कोपऱ्यात नेऊन ठेवल्यावर रिकामी गाडी आता उजवीकडे बोटभर उंच दिसत होती. दिसणारच. एकशे दहा किलोचा माणूस बसला की बरोबर होणार.

शुक्रवारी दुपारी तिच्या भाचीला पाळण्यात घालायचं जेवण होतं, तोकमोकला. ती गेली. जाताना उस्तांना म्हणाली, "उस्ताके, पांढरी तयार आहे. कुणी हात लावायला नको."

उस्ता तेव्हा चहा पीत होते. त्यांनी मान हलवली. हलवली असं तिला वाटलं.

रविवारी धावपट्टीवर बरीच गर्दी होती. माक्सिमच्या, म्हणजे आंबवलेल्या धान्याच्या थंड पेयाच्या, पिंपांसमोर रांग, गाड्यांच्या टपांवर पोरं. एल्दियार डाव्या वळणांत लोण्यासारखा गेला. पहिल्याच उजव्या वळणाला गाडीचं बूड असं सुटलं की गाडी स्वतःभोवती फिरली. लोकांना वाटलं मुद्दाम केलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या खेपेला उजवीकडे पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पांढरी गाडी मागच्या अंगाने टायरांच्या ढिगात जाऊन आदळली आणि टाळ्या बंद झाल्या.

एल्दियार उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. गाडी ढकलत कडेला आणली. उस्ता आले, खाली वाकून बघितलं, उभे राहिले, आणि मोठ्याने, पन्नास माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मागचं काम बुरुलचं आहे. बोल्ट ढिला ठेवलाय."

बुरुल तिथेच उभी होती. कुणीतरी कानात पाणी ओतावं तसं झालं तिला. गर्दीत कोपरं हलली. एकजण म्हणाला, "चाकाखाली बाई घातली की असंच!" दुसरा हसला. त्या गर्दीत येत्या वर्षभरात गॅरेजात येणाऱ्या निम्म्या गाड्यांचे मालक होते.

उस्ता तिच्याजवळ आले, आवाज खाली आणला. "पोरी, एक वाक्य बोल. ढिला राहिला, माफ कर, असं एल्दियारला म्हण. लोक विसरतील. उद्या सकाळी तू तुझ्या खड्ड्यावर, मी माझ्या. कोण काय म्हणतंय?"

"ढिला नव्हता."

"असेल नसेल. एक वाक्य आहे."

एक वाक्य. ती ते बोलली असती तर त्या शहरात कुणीही आपल्या गाडीच्या चाकाला तिला पुन्हा हात लावू दिला नसता. तेल बदल म्हणाले असते. काच पूस म्हणाले असते. सात वर्षं खड्ड्यात पाठ मोडून जे कमावलं ते एका वाक्यात, आणि वर ते वाक्यसुद्धा तिनेच बोलायचं.

"गाडी उचला," बुरुल म्हणाली. मोठ्याने म्हणाली.

"बुरुल."

"उस्ताके, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. मी सगळ्यांसमोर बघणार. मिर्लान, जॅक आण."

मिर्लानने उस्तांकडे बघितलं.

"तिकडे काय बघतोस? तुझ्या पायांना परवानगी लागते का?"

गर्दीत हशा पिकला आणि मिर्लानला जॅक आणावाच लागला. बुरुल पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. डावा खालचा बोल्ट, रेघ शाबूत. उजवा, शाबूत. दोन्ही बाजूंचे वरचे तीन-तीन नट तिने डिकी उघडून एल्दियारला दाखवले. सगळ्या रेघा अखंड.

"बघ. बोट फिरव. तुटली का कुठे?"

"नाही एजे." एल्दियार वाकून बघत होता. "पण मग फिरली कशाने?"

ती पुन्हा खाली गेली. उजव्या ब्रॅकेटचं लॉकनट, शाबूत. डाव्या ब्रॅकेटचं...

तिने बोट लावून बघितलं. लाल रेघ तुटून दोन तुकडे झाले होते, आणि मधल्या जागेत आटे चमकत होते. एकदोन नव्हे, गाडीची डावी बाजू जवळजवळ बोटभर उचलावी एवढे.

बाहेर येऊन तिने डावं दार उघडलं. काळ्या सीटच्या कापडावर पांढरी भुकटी. शिवणींमध्ये साचलेली. पीठ.

सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, जणू शुक्रवारी ती तिथेच होती. रिकामी गाडी उस्तांना वाकडी दिसली. नजर त्यांची पक्की, बोटाचा फरक त्यांना लांबून कळायचा. कोपऱ्यात पिठाची पोती दिसली. पोरीने माणसाच्या वजनाने केलंय, पण चुकीचं केलंय, असं मनाशी म्हणाले. पोती उचलून चालवणाऱ्याच्या जागी ठेवली. म्हणजे डावीकडे. गाडी डावीकडे झुकली, तर डावा कोपरा वर घेतला. गाडी दिसायला पाण्यासारखी सपाट. पोती पुन्हा कोपऱ्यात. हात पुसले, चहा प्यायला गेले. मनात पाप नव्हतं. पोरीची चूक झाकली, अशीच त्यांची समजूत.

तिने मान वर केली. उस्ता त्या पिठाकडे बघत होते. त्यांनाही कळलं होतं. नुकतंच, तिच्या पाठोपाठ.

इथे रीत काय सांगते ते सांगितलंच आहे. दार लावायचं. पीठ हाताने झटकायचं. म्हणायचं, माझंच चुकलं उस्ताके. उस्तांच्या डोळ्यांत तेच होतं. त्यांनी काही मागितलं नाही, नुसती वाट बघितली. पुढे मग त्यांनी तिला जन्मभर जपलं असतं, तेही खरं.

"हे काय आहे?" एल्दियारने विचारलं. "पीठ कुठून आलं?"

"शुक्रवारी मी नसताना कुणीतरी पोती डाव्या सीटवर ठेवली," बुरुल म्हणाली. "आणि डावा मागचा कोपरा वर घेतला. रेघ तुटलीये, बघ खाली वाकून. तू बसतोस उजवीकडे. तू बसलास की गाडी तिरक्या दोन कोपऱ्यांवरच टेकते, पुढचा उजवा आणि मागचा डावा; उजव्या मागच्या चाकाला वजनच उरत नाही. म्हणून डावीकडे जाते आणि उजवीकडे फिरते."

"हट्," गर्दीतून एक दाढीवाला म्हणाला. "एकशे दहा किलो उजवीकडे बसल्यावर उजव्या चाकाला वजन नाही? शाळेत गेली होतीस का?"

"नव्हते गेले फारशी. ये पुढे. खिशात कागद आहे?"

दाढीवाल्याकडे माक्सिमचे दोन कागदी पेले होते. तिने ते फाडून सपाट केले, एकेक टायरखाली सरकवला. एल्दियारला उजव्या सीटवर बसवलं. गाडी कण्हली. जॅक मागे मध्यावर लावला.

"तू हा कागद धर," ती दाढीवाल्याला म्हणाली. "मिर्लान, तू तो. ओढत राहा. कुणाचा आधी निघतो ते बोला."

तिने दांडा मारायला सुरुवात केली. एक, दोन, पाच. गर्दी पुढे सरकली. सातव्या दांड्याला दाढीवाला कागद हातात घेऊन मागच्या मागे बसला. उजवा. मिर्लान डावीकडे अजून ओढतच होता. त्याला आणखी चार दांडे लागले.

 दाढीवाल्याने हातातला कागद उलटापालटा करून बघितला, जणू चूक कागदातच होती.

"कुणी केलं हे?" एल्दियार सीटवरूनच म्हणाला. "एजे, कुणी?"

उस्तांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली.

"ते मला नको विचारू," बुरुल म्हणाली. "मी नाव घेणार नाही. पण माझ्या अंगावरही घेणार नाही. ज्याने केलं त्याला तोंड आहे."

ती थांबली.  उस्ता तिच्या जवळ सरकले. शेवटी म्हणाले, ते तिलाच म्हणाले, हळू आवाजात. "चाळीस वर्षांचं नाव आहे माझं."

"माझं सातच वर्षांचं आहे, उस्ताके. म्हणून स्वस्त आहे का?"

"उद्या येऊ नकोस."

"येणार."

"दार बंद असेल."

"मग दाराबाहेर उभी राहीन. पण आधी ही गाडी पुरी करू द्या. हिच्यावर माझा हात आहे."

तिने आकड्याचा पाना घेतला. एल्दियार तासभर त्या सीटवर बसून राहिला. उतरू दिलंच नाही तिने. कुणीतरी त्याला बसल्या जागी खायला आणून दिलं, तर बुरुल खालून ओरडली, "ते खाऊ नकोस अजून! वजन बदलेल!" आणि त्या एका वाक्यावर सगळी धावपट्टी मोकळी हसली, एल्दियारसुद्धा. ती मात्र हसली नाही. डावा ब्रॅकेट आटे मोजत खाली आणला, लॉकनट आवळलं, पुन्हा कागद, पुन्हा जॅक. पाचव्या खेपेला दोन्ही कागद एकदम निघाले. वर डिकीतून दोन्ही शॉकअपच्या टोकाची कडकपणाची गुंडी तिने दोन टिचक्या मऊ केली, कारण पोरगा आता घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाच्या गाडीला मागून जरा मऊ ठेवावं लागतं. लाल रेघ पुन्हा मारली. या खेपेला कुणी नखांवरून बोललं नाही. दाढीवाल्याने बाटली धरली होती.

एल्दियार गेला. पहिलं उजवं वळण. गाडी आडवी झाली, तशीच आडवी धरून राहिली, धूर उठला, आणि ती वळणातून बाहेर पडली. दुसरं. तिसरं.

उस्ता ते बघायला थांबले नव्हते.

सोमवारी सकाळी आठ वाजता बुरुल गॅरेजासमोर आली. दार बंद असेल अशी तयारी करून आली होती, पिशवीत भाकरी आणि चहाची बाटली घेऊन. रात्रभर आई समजावत होती, जा, पाया पड, म्हातारा आहे. म्हातारा आहे! जणू वय झालं की माणूस खोटं बोलायला मोकळा.

दार उघडं होतं. आत रेडिओ चालू. खड्ड्यावर एक निळी जपानी गाडी, मागची चाकं काढलेली. मिर्लान कोपऱ्यात पाने पुसत होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता. उस्ता गाडीपाशी पाठमोरे उभे होते.

निळ्या गाडीच्या उजव्या सीटवर पिठाचं एक पोतं बसवलेलं होतं. वर पट्टासुद्धा लावला होता.

"मालक सत्तर किलोचा आहे," उस्ता न वळता म्हणाले. "आणखी वीस काय ठेवायचं ते तू बघ. ये आत."

बुरुल उंबऱ्यावरच थांबली.

"चहा गार होतोय. ये म्हटलं ना."

"पोतं दिसलं, उस्ताके. बरोबर जागी आहे. पण पोत्याला कान नाहीत आणि गावाला आहेत. काल तुम्ही जे बोललात ते पन्नास जणांनी ऐकलं."

"मग आता काय दवंडी पिटू?"

"पन्नास जण तुमचे तुम्ही शोधा. आज इथे मी आणि मिर्लान, दोघं आहोत. सुरुवात इथून करा. तोवर मी आत येत नाही."

मिर्लानच्या हातातला पाना थांबला. उस्ता सावकाश वळले. चेहरा लाल, मानेची शीर ताठ. आता शिवी येणार असंच वाटलं तिला, आणि शिवी आली असती तरी ती हलणार नव्हती. तिने पिशवी खाली ठेवली, हाताची घडी घातली, खांदा चौकटीला टेकवला. भाकरी होती, चहा होता. संध्याकाळपर्यंत सहज थांबता आलं असतं.

उस्तांनी फडक्याने हात पुसले. एकेक बोट पुसलं. पुसून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पुसलं.

"मिर्लान," ते म्हणाले, "तो रेडिओ बंद कर."